अंगणांतला डाग

घरांतील माणसांचीं दुखणीं ओळखावयास आम्हांस उशीर लागतो. घरांतील वस्तूंचीं दुखणीं ओळखावयास त्याहूनहि उशीर लागतो. माणूस निदान कण्हतो. यंत्र बिचारें थेंब थेंब गळत राहतें, आणि त्या थेंबांवर आपला पाय पडूं नये एवढीच काळजी घेऊन आम्ही पुढें जातों. गेल्या दिवाळीनंतर आमच्या जळगांवच्या घराच्या अंगणांत जो काळा डाग उमटला, त्याच्याशीं आम्हीं जवळजवळ तीन महिने असाच व्यवहार केला.

प्रथम तो रुपयाएवढा होता. मार्गशीर्षांत तो पुरणपोळीएवढा झाला, तेव्हां आमच्या सौभाग्यवतीनें रांगोळीची जागा हातभर डावीकडे सरकविली. पौषांत तिला आणखी हातभर सरकावें लागलें. ती म्हणाली, "अहो, या हिशेबानं संक्रांतीची रांगोळी शेजाऱ्यांच्या दारांत निघायची!" आम्हीं हंसून विषय टाळला, आणि दर पंधरवड्यास इंजिनांत थोडें नवें तेल ओतण्याचा क्रम चालूं ठेविला. गळेल तेवढें ओतावें, हें आमचें त्या काळांतलें तत्त्वज्ञान होतें. संसारांत पुष्कळ ठिकाणीं तें चालून जातें, म्हणून येथेंहि चालेल असें आम्हांस वाटत होतें.

ही गाडी म्हणजे आमच्या तीर्थरूप बाबांची प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं जी मोटारींची कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाटच्या धर्तीवर या गाड्या तयार होत. चार सिलिंडरांचें १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच बसविलेला गियर, आणि दार लावतांना होणारा तो भारदस्त आवाज ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचें उत्पादन थांबलें. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. बाबांनीं आपली गाडी १९८४ सालीं घेतली. त्या काळीं पैसे असले तरी गाडी मिळत नसे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. बाबा पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते. धुळ्याच्या चार नंबरच्या गल्लींत ती गाडी प्रथम आली तेव्हां आईनें तिला ओवाळलें होतें, हें आम्हांस अजून आठवतें.

बाबांना जाऊन आतां सहा वर्षें झालीं. धुळ्याचें घर आणि आई धाकट्या बंधूंकडे राहिलीं; गाडी आम्हीं जळगांवीं आणली. ही वांटणी कोणीं केली नव्हती, ती होऊन गेली. त्यानंतर दोन्ही घरांत सणावारांचीं बोलणीं होत, प्रकृतीची चौकशी होई. पण बोलण्यांत कोठें तरी एक गांठ बसली होती. बंधु अधूनमधून फोनवर म्हणत, "दादा, ती गाडी आतां काढून टाक." आम्ही म्हणत असूं, "बघूं." दोघेहि खरें बोलत नव्हतों.

माघाच्या आरंभीं आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जळगांवीं करावयाची ठरली, आणि तिला आणण्यास आम्ही पद्मिनी घेऊन निघालों. जळगांव ते धुळें सुमारें ९० किलोमीटर. एरंडोल मागें पडलें. पारोळ्याचा भुईकोट थोडा पुढें राहिला असेल, इतक्यांत समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लागला. तो तेलाचा दाब गेल्याची सूचना देणारा दिवा आहे, हें सुदैवानें आम्हांस ठाऊक होतें. इंजिनांतील क्रँक आपल्या बेअरिंगांवर टेकून फिरत नाहीं. दोहोंमध्यें दाबानें आलेल्या तेलाचा जो केसाहूनहि पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. तो थर नाहींसा झाला कीं धातूवर धातु घांसतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत सारें इंजिन कामांतून जातें. आम्हीं तत्क्षणीं इंजिन बंद करून गाडी कडेच्या बाभळीखालीं उभी केली. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, तों तिच्या टोंकालाहि ओल नव्हती. घरगुती वापरांत जें पंधरवड्याला थोडें गळे, तें हमरस्त्याच्या वेगांत तासाभरांत गळून गेलें होतें.

डिकींत तेलाचा एक डबा होता म्हणून निभावलें. इंजिन निववून, तेल भरून, बैलगाडीच्या चालीनें आम्ही धुळ्यास पोहोंचलों, तेव्हां तीन तास उशीर झाला होता. आई सकाळीं दहापासून पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. बंधूंनीं एकवार गाडीखालच्या ओल्या रेघेकडे पाहिलें आणि ते म्हणाले, "दादा, आठवण जपायची तर फोटो जपावा. ही गाडी एखादे दिवशीं आईला रस्त्यावर बसवील." त्यांचें म्हणणें खरें होतें, आणि खरें होतें म्हणूनच आम्हांस झोंबलें. आम्ही म्हणालों, "घर मिळालेल्या माणसाला गाडीची किंमत कळायची नाहीं." शब्द तोंडांतून गेला आणि ओट्यावर एकदम शांतता पसरली.

ती आईनेंच मोडली. ती म्हणाली, "मी येईन ती याच गाडींतून येईन. पण आधीं तिचं गळणं थांबव. माझा मोतीबिंदू महिनाभर कुठं पळून जात नाहीं." आम्ही रिकाम्या गाडीनें परतलों.

नेरी नाक्याकडे आमचे एक जुने मिस्त्री आहेत. बाबांच्या हयातींत त्यांनींच हें इंजिन दोनदां उघडलें होतें. आतां त्यांची दृष्टि मंदावली आहे, आणि त्यांच्या हाताखालचीं मुलें संगणक जोडून दोष सांगणाऱ्या गाड्यांवर तयार झालेलीं. ते म्हणाले, "सर, पद्मिनीला पाना लावणारे हात आतां माझ्याकडे नाहींत. तुम्हीच करा. अवघड नाहीं, फक्त धीर पाहिजे." जन्मभर आम्हीं खडू आणि पुस्तक यांपलीकडे कांहीं हाताळलें नव्हतें, परंतु आईस दिलेला शब्द समोर होता. मिस्त्रींनीं पान्यांचा एक संच दिला आणि पहिला धडाहि दिला: "तेल जिथं टपकतं तिथं गळत नसतं, सर. ओल सगळ्यांत वर कुठं आहे तें बघा."

हा धडा मिळाला नसता तर आम्हीं थेट इंजिनाच्या तळाचें चेंबरच उघडलें असतें, कारण थेंब तेथूनच पडत होते. तेल आपल्या वजनानें खालीं येतें आणि पंख्याच्या वाऱ्यानें मागें ढकललें जातें. त्यामुळें तें जेथें दिसतें तेथें त्याचें माहेर क्वचितच असतें. इंजिन पूर्ण थंड असतां आम्हीं बॅटरीची तार सोडविली, चिंध्या आणि रॉकेल घेऊन तें सारें अंग धुतलें आणि एक दिवस वाळूं दिलें. मग नातवाची अंगाला लावावयाची पावडर घेऊन सांध्यासांध्यांवर भुरभुरविली. सौभाग्यवती म्हणाली, "आतां काजळतीट तेवढी राहिली." दहा मिनिटें इंजिन चालवून पाहतों तों त्या पांढऱ्या पुटावर एक काळसर ओघळ स्पष्ट उमटला होता. तो निघत होता वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यांतून.

या झाकणास आपल्याकडे टॅपेट कव्हर म्हणतात. पत्र्याचें झाकण आणि खालचा ओतीव भाग यांच्यामध्यें बुचाचें एक पॅकिंग असतें. बूच म्हणजे झाडाची सालच. वर्षानुवर्षें उष्णता खाऊन तें वाळतें, आकसतें आणि शेवटीं पापडासारखें तडकतें. आमच्या जळगांवचा उन्हाळा ४५ अंशांस सहज जाऊन भिडतो; तेथें बुचाची काय कथा! जुनें पॅकिंग आम्हीं बोथट पात्यानें खरवडून काढलें. त्याचे तुकडे इंजिनांत पडूं नयेत म्हणून आंत स्वच्छ फडकें दाबून बसविलें. झाकणाची कड नटांच्या भोवतीं खालीं दबलेली होती. पूर्वीं कोणीं तरी, आणि तें कोणीं तरी आम्हीच असण्याचा संभव आहे, गळती थांबविण्यासाठीं नट जिवाच्या करारानें आवळले होते. आवळल्यानें बूच चिरडतें, पत्रा वांकतो आणि गळती वाढते. ती कड आम्हीं स्वयंपाकघरांतील पाट्यावर ठेवून हलक्या हातानें सपाट केली. पाट्याच्या या विनियोगाबद्दल घरांत जें बोललें गेलें तें येथें देत नाहीं.

नवें पॅकिंग दुकानांत पुष्कळ दिवस पडून राहिल्यामुळें थोडें आंखूड भरलें. मिस्त्रींच्या सांगण्यावरून तें कोमट पाण्यांत भिजविलें, तेव्हां तें फुगून बरोबर आपल्या मापास आलें. मग तें पुसून जागेवर बसविलें. सर्व नट आधीं बोटांनीं, मग मधून कडांकडे, समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. पाना मुद्दाम जवळ धरला, म्हणजे जोर बेतानें लागतो. गाडीखालीं वर्तमानपत्र अंथरलें. दुसऱ्या दिवशीं तें कोरडें होतें. चार दिवस कोरडें राहिलें. शुद्धलेखनाच्या वहींत एकहि लाल खूण न सांपडल्यावर मुलाची छाती जशी फुगते, तशी आमची फुगली.

पांचव्या दिवशीं आम्ही गाडी जरा वेगानें मेहरूण तलावाकडे आणि पुढें हमरस्त्यावर फिरवून आणली. रात्रीं वर्तमानपत्रावर तीन थेंब होते. वरचें झाकण कोरडें ठणठणीत. या वेळीं तेल पुढच्या पुलीमागच्या सीलमधून आलें होतें. आम्ही खरोखर हताश झालों. बंधूंचें वाक्य कानांत घुमूं लागलें. गाडी विकावी असें त्या रात्रीं प्रथमच आमच्या मनांत आलें.

सकाळीं मिस्त्रींना सांगितलें, तेव्हां ते रिक्षा करून स्वतः आले, आणि इंजिन चालूं असतां त्यांनीं तेल ओतण्याच्या तोंडाचें झांकण काढून त्यावर आपला तळहात धरला. आंतून धापा टाकल्यासारखे गरम झोत येत होते. ते म्हणाले, "एक भोंक बुजवलंत, तें दुसरं शोधतंय. तेलाचा दोष नाहीं, सर. आंत कोंडतंय. इंजिन श्वास कुठून सोडतं तें बघितलंत का?"

आम्हीं तें पाहिलें नव्हतें. गोष्ट अशी कीं, सिलिंडरांत जो भडका होतो त्यांतला थोडा वायु पिस्टनच्या रिंगांच्या कडेनें खालीं निसटतोच. नव्या इंजिनांतहि निसटतो, जुन्यांत अधिक. त्यास बाहेर पडावयास एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मोकळी असेल तर जुनें पॅकिंगहि वर्षानुवर्षें टिकतें. ती बुजली तर आंतला दाब वाढून जो सांधा दुबळा असेल तेथून तेलास बाहेर ढकलतो. तो सांधा दुरुस्त करा, पुढचा दुबळा सांधा तयारच असतो.

नळी सोडवून पाहिली. आंत दह्याच्या निवळीवर राखाडी साय धरावी तसा चिकट गाळ भरला होता. तो कोणीं भरला? आम्हींच. गेलीं दोन-तीन वर्षें ही गाडी भाजीबाजार आणि बँक यांपलीकडे गेली नव्हती. एवढ्याशा फेरींत इंजिन पुरतें तापत नाहीं, आंतल्या वाफेचें पाणी उडून जात नाहीं, आणि तें तेलांत मिसळून त्याचा असा राब होतो. आम्ही गाडी जपत होतों, आणि त्या जपण्यानेंच तिचा श्वास कोंडला होता.

गाळ काढतांना आम्हांस बाबांची आठवण झाली. धुळ्याजवळच्या पांझरा नदीवर शेंकडों वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर लहान बंधारे, त्यांवरून निघणारे पाट, आणि त्या पाण्यावर गांवचीं शेतें पाळीपाळीनें भिजविण्याची गांवकऱ्यांनीं स्वतःच चालविलेली व्यवस्था. पाटाचा गाळहि सर्वांनीं मिळून काढावयाचा. बाबा या कामावर पुष्कळ हिंडले होते. ते म्हणत, "पाट फुटला म्हणजे लोक फुटलेल्या जागीं माती टाकीत बसतात. पाणी खालीं कुठं अडलंय तें आधीं बघावं." लहानपणीं हें वाक्य आम्हीं किती वेळां ऐकलें असेल! तें कळावयास बाबांच्याच गाडीची नळी हातांत यावी लागली.

नळी रॉकेलनें धुऊन, वाळवून, फुंकून पार मोकळी केली. जुनें तेल काढून आमच्याकडच्या उष्णतेस मानवेल असें २० डब्ल्यू ५० प्रतीचें नवें तेल भरलें. चेंबरच्या नटाखालचें तांब्याचें वॉशर बदललें. तेल पट्टीवरच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊं दिलें नाहीं, कारण अधिक तेलहि गळतीस कारण होतें. या वेळीं गाडीखालीं शिरावें लागलें. तेव्हां नुसत्या जॅकवर विसंबूं नये, खालीं लोखंडी घोड्या लावल्याशिवाय अंग आंत घालूं नये, हें वाचकांस आवर्जून सांगतों. काढलेलें काळें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून मिस्त्रींकडे पोंचतें केलें. पुढच्या सीलला आम्हीं हातहि लावला नाहीं. तें आपोआप कोरडें झालें.

आठ दिवस हमरस्त्यावर गाडी पळवून खात्री केली आणि आम्ही धुळ्यास गेलों. मात्र या वेळीं मुक्कामाच्या तयारीनें. रात्रीं जेवणें झाल्यावर ओट्यावर आम्ही दोघे भाऊ बसलों होतों. आम्हीं ब्रीदरची सारी हकीकत सांगितली. बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, तूं त्या दिवशीं म्हणालास, घर मिळालेल्या माणसाला. पावसाळ्यांत माळवद कितीदां गळतं तुला ठाऊक आहे? बाबांचं दुखणं, आईची रात्रपाळी, सगळं मी एकट्यानं पाहिलं. आणि आठवण म्हणून जी वस्तु होती ती तूं नेलीस. मला कुणीं विचारलंसुद्धां नाहीं."

सहा वर्षांत हें आम्हांस कधीं सुचलें नव्हतें. आम्ही समजत होतों कीं, घर त्यांस मिळालें आणि आम्हांस केवळ जुनी गाडी. ते समजत होते कीं, ओझें त्यांच्या वांट्यास आलें आणि बाबा आमच्या. बोलणें सरळ नव्हतें. मध्यें आवाज चढले, मागचीं चार दुखणीं निघालीं, एकदां तर बंधु उठूनहि गेले आणि पुन्हां येऊन बसले. आई आंत जागी होती, हें आम्हां दोघांस ठाऊक होतें; पण ती बाहेर आली नाहीं. मध्यरात्र उलटल्यावर बोलणें आपोआप सौम्य झालें. माळवदाचा निम्मा खर्च आम्ही द्यावा, गाडी वर्षांतून सहा महिने धुळ्यास असावी, आणि घराविषयीं आईच्या हयातींत कोणीं शब्द काढूं नये, असें ठरलें. सर्वच कांहीं मिटलें असें आम्ही म्हणत नाहीं. इतका जुना गाळ एका रात्रींत निघत नसतो.

पहाटे उठून बाहेर येतों तों बंधु गाडीखालच्या वर्तमानपत्राकडे वांकून पाहत होते. आम्हीहि शेजारीं उकिडवे बसलों. कागद कोरडा होता. आंतून आईनें विचारलें, "गळलं का रे?" दोघांच्याहि तोंडून एकदमच निघालें, "नाहीं!"

त्या दिवशीं पद्मिनी बंधूंनीं चालविली. पारोळ्याच्या अलीकडची ती बाभळ आम्हीं त्यांस दाखविली. आई मागें बसून, मंद झालेल्या डोळ्यांनीं बाहेरच्या केळीच्या बागा ओळखण्याचा प्रयत्न करीत होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पट्टी सुटल्यावर अंगणांत खुर्ची टाकून बसली असतां तिचें लक्ष प्रथम त्या डागाकडे गेलें. आम्हीं तो राखेनें आणि सोड्यानें पुष्कळ घांसला होता. फिकट झाला, पण गेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सौभाग्यवतीनें रांगोळी पूर्वींच्या जागीं काढली. डाग बरोबर मधोमध आला आहे. जवळून पाहणारासच तो दिसतो.